चौथ्या चरणातली दोन अक्षरं

प्रश्न आर्वीकडच्या एका तरुण पेटीवाल्याचा आहे. स्वतः चाली बांधतो, भजनी मंडळात वाजवतो. त्यानं विचारलंय, "इतकी वर्षं गाता, तर गाताना देवाचा प्रत्यक्ष अनुभव आला का? आला असेल तर सध्या जे नवीन बांधून राह्यले, त्यात तो कसा उतरवता?" आणि खाली एक ओळ: "गोल गोल उत्तर देऊ नका."

बरं. मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातला. पाच एकर वावर, त्यातलं दोन एकर ओलिताचं. मोझरी सायकलच्या अंतरावर. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी तिथे गुरुकुंज आश्रम उभा केला, त्यामुळे आमच्या भागात घराघरात एक वेळ पाटा-वरवंटा नसेल, पण खंजिरी सापडते. बाराव्या वर्षी भजनी मंडळात बसलो, आज अठ्ठावन्न पूर्ण. शिक्षण म्हणाल तर एका पेटीमास्तरांकडे पाच हिवाळे. एवढ्या भांडवलावर बोलतोय, हे लक्षात ठेवून वाचा.

पहिल्यांदा जे अनुभव नाही, ते बाजूला काढतो. कारण तुमच्या प्रश्नामागे मला दुगुनीचा, म्हणजे दुप्पट लयीचा, वास येतोय.

भजन ठाय, म्हणजे संथ, लयीत सुरू होतं. अर्ध्या तासानं मास्तर नजरेनं खूण करतात, तबला दुगुनीत जातो, टाळ चढतात, खंजिरीच्या झांजा एकमेकींत मिसळतात. चाळीस माणसं एकदम श्वास घेतात आणि एकदम सोडतात. गाताना सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा कितीतरी लांब असतो, आणि रात्री अकराला, जेवण झाल्यावर, दाटीवाटीच्या मंडपात त्याचा अंमल चढतोच. कोणाचे डोळे वाहतात, कोणी उठून नाचतो. आमच्या सप्ताहात एक बुवा दरवर्षी ठरल्या दिवशी, ठरल्या गजराला आडवे होतात. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मला हवं तेव्हा, हवं त्या घरात, लय वाढवून माणसं रडवता येतात. तीस वर्षांत ते कसब हातात आलंय. जे माझ्या हातात आहे, त्याला मी देव कसं म्हणू?

दुसरी फसगत सुराची, आणि ती जास्त गोड. एकोणीस वर्षांचा असेन. कार्तिकातला काकडा होता. पहाटे दव पडलं की खंजिरीचं कातडं उतरतं, मग ती शेकोटीवर धरून चढवावी लागते. मंडळी त्या कामात होती आणि मी देवळात एकटाच एकतारी कानाला लावून बसलो होतो. तार षड्जाला, म्हणजे 'सा'ला, लावलेली. थोड्या वेळानं तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू यायला लागला. तार एक, सूर दोन. कोणी गात नव्हतं. मी थरथरत मास्तरांकडे गेलो. ते शेकोटीसमोरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "स्वयंभू गंधार हाय तो. चांगली लागली तार तुही." नंतर कळलं की तार हलते तेव्हा तिचे भागही स्वतंत्रपणे हलतात आणि पाचव्या भागातून गंधार निघतो. तानपुऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तो भेटतो. मला राग आला होता. देव हातात आला आणि मास्तरांनी त्याला तारेत परत कोंबला, असं वाटलं. आज वाटतं, त्यांनी मला फार स्वस्तात सोडवलं.

आता मूळ गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वीची, पौषातली. चन्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीची होती. विदर्भात ओलित असलेल्या माणसाला हे समजवायला नको. कानाला दुपट्टा बांधून, हातात फावडं आणि बॅटरी घेऊन रात्री अकरापासून वावरात. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डीपी आहे, विजेचा ट्रान्सफॉर्मर. तिची गूंज रात्री चांगली ऐकू येते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे डीपीची गूंज शंभर हर्ट्झच्या आसपास असते. पेटीवर खालच्या सप्तकात पांढरी पाचच्या किंचित वर. माझ्या भाच्यानं मोबाईलवर मोजून दाखवलं, पण मला ते आधीच माहीत होतं. कैक रात्री मी त्या गूंजेलाच तानपुरा समजून खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीतला सूर, लावलाय. फुकटचा तानपुरा, आणि कधी उतरत नाही.

त्या रात्री दोनेक वाजले असतील. गात होतो म्हणण्यापेक्षा एकच स्वर धरून उभा होतो. आणि लाईन गेली.

गूंज थांबली. मोटार थांबली. पाइपातलं पाणी विहिरीत मागे उतरलं, त्याचा गुळगुळ आवाज झाला. माझाही आवाज थांबला. मी थांबवला नाही, थांबला. सूर मात्र होता. कानात होता म्हणावं तर कान पुरते मोकळे होते, लांब डांबरी रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता. गळ्यात नव्हताच. वावर होतं, थंडी होती, चन्याच्या पाल्याचा आंबूस वास होता. आणि हे सगळं ज्याला जाणवायला पाहिजे, तो माणूस तिथे नव्हता. भीती वाटली ती नंतर, तो माणूस परत आल्यावर. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. पायावरचा चिखल थिजला होता एवढं खरं.

परत आल्यावर बॅटरी लावली तर दांड, म्हणजे पाणी नेणारा मातीचा पाट, फुटलेला. लाईन जायच्या आधी, मी सुरात असताना कधीतरी फुटला होता, आणि तास-दीड तास माझ्या विहिरीचं पाणी शेजारच्याच्या वावरात गेलं होतं. काळी जमीन, फुलोऱ्यावर आलेला चना. तिथे पाणी साचलं की पीक पिवळं पडतं. पडलंच. चना निघाल्यावर त्याला दोन कट्टे भरून द्यावे लागले, आणि ते रास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेलो. तेव्हा ते हयात होते, खाटेवर होते. सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी एकच विचारलं: "मंग चन्याले पानी झालं का नाही?"

मला वाटलं, बुढा बहिरा झाला.

यानंतरची तीन वर्षं सांगायला लाज वाटते, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांतच आहे. मी त्या रात्रीच्या मागे लागलो. रात्रीची लाईन आली की काम नसतानाही वावरात जायचो. डीपीची गूंज मोबाईलमध्ये भरून आणली आणि घरी, दार लावून, तिच्यावर बसायचो. मधेच बंद करायचो, बघायला, की आता काही होतं का. काही होत नव्हतं. मग सांगत सुटलो. एका सप्ताहात कीर्तनकार महाराजांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याचं आख्यान केलं. त्यांच्या आख्यानात डीपी नव्हती, ओंकार होता. मोटार नव्हती, वर्धा नदी होती. फुटलेला दांड तर औषधालाही नव्हता. लोक पाया पडायला लागले. पाया पडून घेताना बरं वाटतं, हे मी लपवत नाही. घरी बायको म्हणाली, "महाराज झाले असान तर आजपासून उपास धरा, माह्या दोन पोया वाचतीन."

त्या तीन वर्षांत मी चौदा रचना केल्या. प्रत्येकीत तेज, शून्य, अनाहत, ब्रह्म. चाली तोलामोलाच्या होत्या, एक-दोन अजून गावागावात म्हणतात. पण त्यांतला एकही शब्द मी त्या रात्री पाहिला नव्हता. सगळे उसने. संतांनी ते शब्द वापरले तेव्हा ते त्यांच्या घरचे होते. मी ते भाड्यानं आणून मंडप उभा केला होता. ती वही माळ्यावर आहे. जाळली नाही, कारण वही जाळणं हेही एक नाटकच झालं असतं.

तुकडोजी महाराजांचा विचार मी या बाबतीत नेहमी करतो. यावलीचा माणिक नावाचा मुलगा, वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसला, सालबर्डी, रामदिघी, गोंदोड्याच्या रानांत फिरला. तिथे त्यांना काय दिसलं असेल ते असो. बाहेर आल्यावर हातात घेतली ती खंजिरी, आणि बोलायला लागले गावाच्या सफाईबद्दल, दारूबद्दल, सामुदायिक प्रार्थनेबद्दल. गाडगेबाबा तर आधी झाडू मारायचे, मग रात्री कीर्तन. आमच्या अमरावती जिल्ह्यात ही दोन माणसं होऊन गेली आणि तरी आम्ही अनुभवाची दुकानं मांडतो, याला काय म्हणावं.

आता सध्याचं काम. वऱ्हाडी बोलीत अभंग बांधतोय. एकवीस करायचे ठरवलेत, नऊ झालेत, त्यांतले चार गाण्यासारखे आहेत. मोठ्या अभंगाचं माप तुम्हाला माहीतच असेल: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. मला आधी वाटायचं, हे माप पुस्तकी मराठीचं, आपली बोली त्यात अडखळेल. मग एकदा बंडीवर बसून बोटांवर मोजलं: क-रू-न-रा-ह्य-लो. सहा! आम्ही दिवसातून शंभर वेळा जे बोलतो, तो एक आख्खा चरण आहे. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा गंधार ऐकूनही झाला नव्हता.

त्या रात्रीवरचा अभंग तीन वर्षं अडला होता, तो या मापात दोन दिवसांत झाला. दोन कडवी देतो:

पानी देत होतो, लाईन गेलती,
उरली सोबती, गूंज तिची.

दांड फुटलेला, परक्या वावरी,
पानी रातभरी, चालू होतं.

'रातभरी' ही थाप आहे, दीड तासच होतं. पण दीड तास यमकात बसत नाही आणि शेजारी म्हणतो, त्याच्या हिशोबानं रातभरच होतं. बाकी या अभंगात जे आहे ते सगळं बॅटरीच्या उजेडात दिसलेलं आहे. जे दिसलं नाही, ते शब्दांत घातलेलं नाही.

मग ते कुठे घातलं? इथे चालीचा भाग येतो, आणि माझं सध्याचं सगळं डोकं इथेच अडकलंय. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरांचा चरण त्यात पसरून बसतो. चौथा चरण चारच अक्षरांचा, म्हणजे दोन अक्षरांची जागा उरते. मात्रांत धरली तर अडीच-पावणेतीन. आपण सगळे त्या जागेत काय करतो? शेवटचं अक्षर ताणतो, नाहीतर टाळ वाजवतो, नाहीतर 'विठ्ठल विठ्ठल' टाकतो, आणि तबलजी तर तिथेच तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या बोलाचा, दावा लावून बसलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या ती जागा भरतोय. मी ती मोकळी ठेवून पाहतोय. 'गूंज तिची' म्हणून झालं की सगळं थांबतं. टाळ नाही, तबला नाही, पेटीवरचा हातही उचललेला. मग पुढचा चरण समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर.

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. आमच्या मंडळात सहा महिने झाले. पेटीवाल्याचा भाता गळतो, हात उचलला तरी सूर सरपटत राहतो. (१९४० साली रेडिओनं पेटी हद्दपार केली होती, ती १९७१ नंतर परत आली. कारण वेगळं होतं, पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही वगैरे. पण या भात्यामुळे मलाही अधूनमधून ती बंदी बरी वाटते.) शेवटी पेटी या चार अभंगांपुरती बाजूला ठेवली आणि एकतारी घेतली, तारेवर बोट टेकवलं की संपलं. टाळकरी लवकर शिकले. तबल्यावरचा पोट्टा मात्र अजून शिकतोय. त्या पावणेतीन मात्रांत त्याची बोटं हवेत अशी थरथरतात, जसं बिस्किटासमोर बसवलेलं लेकरू. एकदा म्हणाला, "भाऊ, रिकामं ठेवलं तर लोक म्हनतीन तबलजी चुकला." त्याचंही खरं आहे. रिकाम्या जागेची जबाबदारी दरवेळी वाजवणाऱ्यावरच येते.

मी त्याला मोझरीला नेलं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. आठवडाभर भजनं, खंजिऱ्या, भोंगे, फुगेवाले, हरवलेल्या लेकरांच्या घोषणा, आणि मग त्या एका मिनिटाला लाखो लोक जागच्या जागी गप्प. दर वर्षी जातो, दर वर्षी अंगावर येतं. गायकांना वाईट वाटेल, पण मला विचाराल तर त्या सोहळ्यातलं सगळ्यात मोठं संगीत तेच. पोट्ट्याला म्हटलं, "पाह्य, कोन चुकला म्हनून कोनी म्हनून राह्यलं का?" तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तिहाई वाजवली.

या कामातला एक प्रसंग सांगतो, मग थांबतो. गेल्या वर्षी पऱ्हाटीची उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम संपणं, व्हायच्या सुमाराला एका गावातून भजनाचं बोलावणं आलं. तरुण माणूस गेला होता, दहाव्याच्या आदल्या रात्रीचं भजन. कसा गेला ते आमच्या भागात विचारत नाहीत. अशा घरी दुगुन लावायची नाही, हे मी मंडळाला आधीच सांगितलं. एकतारी घेतली. अंगणात पाल टाकलेलं, बाया भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांत त्याची म्हातारी माय. एक जुनाच अभंग घेतला, चाल माझी, चौथ्या चरणानंतर जागा मोकळी. दुसऱ्या कडव्यापर्यंत काही नाही. तिसऱ्या कडव्यानंतर, त्या मोकळ्या जागेत, म्हातारीनं पोराचं नाव घेतलं. रडून नाही, हाक मारल्यासारखं. दोन अक्षरांचंच नाव होतं. पुढच्या कडव्यानंतर पुन्हा. बरोबर जागेवर. कडवी संपली तेव्हा मी थांबलो नाही, पहिल्या कडव्याकडे परत गेलो. तबल्यावरच्या पोट्ट्यानं त्या रात्री एकदाही जागा भरली नाही. किती वेळा फिरलो ते मोजलं नाही. मग तिचं नाव घेणं आपोआप थांबलं, आम्हीही थांबलो, आणि कोणीतरी चहा आणला.

त्या रात्री मला वावरातल्यासारखं काहीही झालं नाही. हे तुम्ही नीट वाचा, कारण तुमचा प्रश्न याच्याच आसपास आहे. मी पूर्ण शुद्धीत होतो. एक एक मात्रा मोजत होतो, बोट तारेवर कधी टेकायचं हे पाहत होतो, कारण अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली असती तर तिची जागा गेली असती. अनुभव म्हणायचाच असेल तर तो तिचा होता. माझ्याकडे मोजणी होती.

म्हणून 'अनुभव रचनेत कसा उतरवता' याला माझ्याकडे उत्तर असं नाही, एवढंच आहे की मी आता उतरवायचा प्रयत्न करत नाही. तुम्ही पेटीवाले आहात तर एक काम करून पाहा. एखादा ठरलेला अभंग घ्या आणि महिनाभर त्याच्या चौथ्या चरणानंतर भाता बंद करा. घरी, कोणी नसताना. पहिला आठवडा फार वाईट जाईल. आपण किती घाबरून वाजवतो ते कळेल. पहाटे खर्ज लावत असाल तर लावत राहा, नसाल तर लावा, पण काही ऐकू येईल म्हणून नका लावू. गळ्यासाठी लावा. गंधार ऐकू आला तर तार चांगली लागली समजा. आणि दुगुनीला मी वाईट म्हणत नाही. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री मीही चढवतो. लोक दिवसभर वावरात राबून आलेले असतात, त्यांना नाचायचं असतं, नाचू द्यावं.

दहावा अभंग सध्या अडलाय. मास्तरांवर आहे. त्यांचा 'चन्याले पानी झालं का' हा प्रश्न चरणात बसवायचाय, पण अक्षरं आठ होतात. 'झालं का' काढलं तर प्रश्नच उरत नाही, 'चना' काढला तर मास्तर उरत नाहीत. छोट्या अभंगाचे चरण आठ अक्षरांचे असतात, त्यात तो जसाच्या तसा बसेल, पण मग चौथा चरण नाही आणि ती दोन अक्षरांची जागाही नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

परवापासून लाईन पुन्हा रात्रीची आहे. काल गव्हाला पाणी देत होतो आणि सवयीनं डीपीच्या सुरात सूर लावला. पाच मिनिटं झाली नसतील, धुऱ्यापलीकडून बॅटरीचा झोत थेट तोंडावर आला. शेजारी मुद्दाम जागा होता.

"ओ महाराज! दांड पाहा पह्यले, दांड!"

पाहिला. शाबूत होता. तरी एक फावडं माती टाकली.